जागेला चिकटलेला दोष : एका घरगुती व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची दुरुस्ती

पंचवीस मिनिटे अगदी व्यवस्थित वाजायचा आणि मग एका व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळीच्या) काचेआडचा पत्रा लाल दिसू लागायचा, अशा एका मोनो ॲम्प्लिफायरचे हे प्रकरण आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या त्या लालीचे कारण शेवटी बोटाच्या दोन पेरांएवढ्या, मेणाने माखलेल्या एका कपॅसिटरमध्ये सापडले; पण तिथवर पोहोचायला मला तीन आठवडे लागले, नव्या व्हॉल्व्हची एक जोडी थोडक्यात वाचली, आणि ज्यांची तक्रार कोणी केलेलीच नव्हती असे, त्या कपॅसिटरपेक्षाही घातक दोन दोष वाटेत उघडे पडले.

ॲम्प्लिफायर पुण्यात सदाशिव पेठेत राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांचा. त्यांना मी काका म्हणतो. त्यांच्या वडिलांनी तो १९६४ साली स्वतःच्या हाताने जुळवला होता, आणि चॅसिसच्या, म्हणजे धातूच्या सांगाड्याच्या, आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने लिहिलेली तारीख आजही वाचता येते. सर्किट त्या काळी घरी जुळणी करणाऱ्या हौशी लोकांत फार चालणाऱ्या ‘मुलार्ड ५-१०’चे आहे; मुलार्ड ही व्हॉल्व्ह बनवणारी ब्रिटिश कंपनी. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, म्हणून हे नाव. ग्रामोफोनकडून आलेला सिग्नल ईएफ ८६ हा पहिला व्हॉल्व्ह वाढवतो. ईसीसी ८३ त्याचे एकमेकांच्या उलट दिशेने हलणारे दोन भाग करतो. ते दोन भाग दोन ईएल ८४ व्हॉल्व्हना मिळतात आणि हे दोघे आळीपाळीने आउटपुट ट्रान्सफॉर्मर ओढतात. पाचवा व्हॉल्व्ह म्हणजे ईझेड ८१ हा रेक्टिफायर, जो ट्रान्सफॉर्मरकडून आलेल्या एसीचे सुमारे ३०० व्होल्ट डीसी करतो. या डीसीला जुने मेकॅनिक नुसते ‘एचटी’ म्हणतात, तसेच मीही इथे म्हणणार आहे.

पुढचे सगळे प्रकरण ज्या एका जागेभोवती फिरते ती जागा आधी नीट पाहून घ्यायला हवी. व्हॉल्व्हच्या पोटातला तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, बाहेरचा पत्रा म्हणजे ॲनोड ते ओढून घेतो, आणि मधली तारेची जाळी म्हणजे ग्रिड त्यांचा प्रवाह कमी-जास्त करतो. ईसीसी ८३ च्या ॲनोडवर २०० व्होल्टच्या वर डीसी असतो, आणि त्याला जोडलेल्या ईएल ८४ च्या ग्रिडवर मात्र डीसी शून्य असायला हवा. दोहोंच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपलिंग कपॅसिटर बसवलेला असतो, जो गाण्याचा सिग्नल पलीकडे जाऊ देतो आणि डीसी अडवून धरतो. ग्रिड ४७० किलोओहमच्या रेझिस्टरमधून चॅसिसला बांधलेला असतो. व्हॉल्व्हमधून वाहणारा सगळा प्रवाह कॅथोडखालच्या २७० ओहमच्या रेझिस्टरमधून जातो, त्यामुळे कॅथोड आपोआप दहाएक व्होल्ट वर उचलला जातो, आणि त्याच्या तुलनेत ग्रिड तितकाच ऋण राहतो. प्रवाहावर लगाम असतो तो एवढाच. ग्रिड दोन-चार व्होल्टनी जरी धन बाजूला सरकला, तरी व्हॉल्व्ह मोकाट सुटतो.

काकांच्या आठवणीप्रमाणे वडिलांच्या हयातीत हा ॲम्प्लिफायर रोज वाजत असे. १९८० नंतर केव्हातरी ईझेड ८१ गेला आणि त्या वेळच्या मेकॅनिकने तो काढून त्याच्या जागी दोन सिलिकॉन डायोड टाकून दिले. ‘हा व्हॉल्व्ह आता मिळत नाही, पण याने आवाज उलट वाढेल,’ असे तो म्हणाल्याचे काकांना अजून आठवते. आवाज किती वाढला ते माहीत नाही, पण थोड्याच वर्षांनी ॲम्प्लिफायर माळ्यावर गेला. गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत तो खाली आला, पुतण्याने कौतुकाने प्लग सॉकेटमध्ये खोचला, आणि तो चक्क चालू झाला. तीस-पस्तीस वर्षे बंद असलेले यंत्र सरळ मेन्सवर लावणे किती धोक्याचे आहे हे त्या मुलाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुटले नाहीत हे केवळ नशीब.

माझ्याकडे आल्यावर मी तो प्रथम उलटा करून नुसता पाहिला. दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची घातली आणि चॅसिस अर्थिंगला जोडला. धातूच्या उघड्या चॅसिसच्या आत ३०० व्होल्टच्या वर डीसी खेळत असताना याला पर्याय नाही. फ्यूजच्या जागी कोणीतरी तांब्याच्या तारेचे दोन पेड पिळून बसवले होते, तेही बदलले. एचटीच्या पहिल्या कपॅसिटरला मगर-क्लिपने १० किलोओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर लावून तो रिकामा करायचा आणि मीटरवर शून्य पाहिल्याखेरीज आत बोट घालायचे नाही, हा क्रम मी प्रत्येक वेळी पाळला. चालू यंत्रात मोजताना डावा हात खिशात ठेवायचा, ही सवय पहिल्यांदा हास्यास्पद वाटते. तशी ती वाटत असतानाच लावून घ्यावी.

पहिला वीजपुरवठा ६० वॅटच्या सिरीज बल्बमधून, म्हणजे मेन्सच्या वाटेतच जोडलेल्या बल्बमधून, दिला. आता एलईडीच्या जमान्यात तारेचा बल्ब मिळवायलाच तपकीर गल्लीत तीन दुकाने फिरावी लागली, पण या कामाला दुसरे साधन इतके बोलके नाही: आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटून राहतो, नसेल तर क्षणभर चमकून मंद होतो. इथे तो मंद झाला. आउटपुटला स्पीकरऐवजी १५ ओहमचा दहा वॅटचा सिमेंट रेझिस्टर जोडलेला होता, कारण लोडवाचून व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत (वीज आत घेणाऱ्या वाइंडिंगमध्ये) प्रचंड व्होल्टेज उसळून वाइंडिंग जळू शकते, आणि या सगळ्या यंत्रात परत न मिळणारी वस्तू तीच एक आहे. त्याच्या दोन्ही अर्ध्या वाइंडिंगांचा रेझिस्टन्स १४१ आणि १५३ ओहम भरला. हा फरक दोष नव्हे. बाहेरच्या थरातल्या वेढ्यांना तार अधिक लागते, म्हणून त्या अर्ध्याचा आकडा मोठा येतो.

बल्ब काढून सरळ मेन्सवर, स्पीकर लावून, काकांच्याच घरी चाचणी घेतली तेव्हा पंचवीस मिनिटे काहीही बिघडले नाही. आवाज थोडा जाड, पण भरदार होता. मग डावीकडच्या ईएल ८४ च्या काळपट ॲनोडवर, शिवणीच्या जवळ, नखाएवढा लाल डाग उमटला आणि दोन मिनिटांत तो पत्राभर पसरला. काका मागे उभे राहून पाहत होते. ‘अरे वा, आता चांगला तापला बघ,’ ते म्हणाले. मी तोवर स्विच बंद केला होता.

त्यांची समजूत चुकीची असली तरी अनाठायी नव्हती. व्हॉल्व्ह पेटतो तेव्हा त्याच्या पोटात नारिंगी उजेड दिसायचाच असतो. पण तो हीटरचा, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारेचा, मधल्या नळीतून डोकावणारा. बाहेरचा राखाडी पत्रा लाल होणे म्हणजे त्याच्यावर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांची उष्णता तो बाहेर टाकू शकत नाही असा अर्थ होतो. ईएल ८४ च्या ॲनोडची मर्यादा १२ वॅट आहे. डोळ्यांना लाली दिसली, की ती मर्यादा बरीच मागे पडली असे समजावे.

यानंतर मी जी चूक केली ती व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या घरगुती दुरुस्तीत बहुधा सर्वाधिक होणारी आहे. लाल झालेला व्हॉल्व्ह साठ वर्षांचा होता, म्हणून तोच गेला असे मी गृहीत धरले, आणि नव्या ईएल ८४ ची जुळवलेली जोडी मागवली. ती येईपर्यंत आठवडा गेला. बसवल्यावर अठराव्या मिनिटाला डावीकडचाच व्हॉल्व्ह, आता नवाकोरा, लाल झाला. उजवीकडचा स्वच्छ. हे पाहिल्यावर मी काही न उचकटता जुनी जोडी परत बसवली, पण डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे. पुन्हा डावीकडेच लाली आली. म्हणजे दोष व्हॉल्व्हबरोबर हलत नव्हता, जागेला चिकटून होता. ही अदलाबदल पहिल्याच दिवशी, फुकटात, पाच मिनिटांत करता आली असती.

जागेला चिकटलेल्या दोषाची कारणे मोजकीच असतात, आणि ती एकमेकांपासून वेगळी ओळखण्यासाठी दोनच व्होल्टेज पुरतात: कॅथोडचे आणि ग्रिडचे. कॅथोडच्या रेझिस्टरला समांतर लावलेला बायपास कपॅसिटर शॉर्ट झाला असेल तर कॅथोडवर शून्य दिसेल. ग्रिडचा ४७० किलोओहमचा रेझिस्टर तुटला असेल तर ग्रिड अधांतरी राहील आणि मीटर लावताच मीटरच्याच रेझिस्टन्समुळे परिस्थिती बदलून जाईल. कपलिंग कपॅसिटर गळत असेल तर ग्रिडवर धन व्होल्टेज दिसेल, आणि कॅथोड त्याच्या मागोमाग वर चढेल. मी बंद यंत्रात चारही ठिकाणी क्लिपा लावल्या, स्विच चालू केला, घड्याळ समोर ठेवले आणि दर पाच मिनिटांनी आकडे वहीत उतरवले. सुरुवातीला दोन्ही ग्रिड शून्यावर होते. दहाव्या मिनिटाला डावा ग्रिड १.१ व्होल्ट झाला, पंधराव्याला ३.२, आणि बाविसाव्या मिनिटाला ५.६ व्होल्ट धन. उजवा तेव्हाही ०.०२ वरच होता.

त्याच क्षणी डावा कॅथोड १६.९ व्होल्टवर होता. कॅथोडच्या रेझिस्टरवर २७० ओहम लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात तो २८१ भरला होता. जुन्या कार्बन रेझिस्टरवरचे रंग वाचून हिशेब करू नये, मोजून करावा. १६.९ भागिले २८१ म्हणजे ६० मिलिअँपिअर. त्यातले सहा-सात स्क्रीन ग्रिडचे (ॲनोडच्या अलीकडच्या दुसऱ्या जाळीचे) वजा केले तर ॲनोडच्या वाट्याला ५३ येतात, आणि ॲनोड व कॅथोड यांच्यातल्या ३२६ व्होल्टने त्यांना गुणले की १७ वॅटच्या वर आकडा जातो. १२ वॅटच्या पत्र्यावर १७ वॅट. लालीचे कोडे इथे सुटले.

संशय अर्थातच कपलिंग कपॅसिटरवर होता, पण इथेच एक गंमत झाली. तो सोडवून मी मल्टिमीटरने तपासला तर मीटरने त्याला निर्दोष ठरवले. रेझिस्टन्सच्या सर्वांत मोठ्या रेंजवरसुद्धा आकडा आला नाही. कपॅसिटन्सही ०.११ मायक्रोफॅरड, म्हणजे जवळपास छापल्याप्रमाणे. मीटर खोटे बोलत नव्हता. मल्टिमीटर रेझिस्टन्स मोजताना जेमतेम दोन-तीन व्होल्ट लावतो, आणि मी कपॅसिटर थंड टेबलावर ठेवून मोजत होतो. प्रत्यक्ष कामात त्याच्यावर २२५ व्होल्ट असतात, आणि तो तापलेल्या ईएल ८४ च्या बेसला टेकून, कॅथोडच्या रेझिस्टरवर जवळजवळ झोपलेला असतो. मेणकागदाचे हे कपॅसिटर वर्षानुवर्षे हवेतली ओल पितात, आणि पुण्याचे पावसाळे त्यांना साठ मिळाले होते. ओलसर कागद गार असताना सभ्य असतो. उष्णता आणि दाब एकत्र आले की वाहू लागतो.

म्हणून चाचणीही त्याच अवस्थेत घेतली. कपॅसिटरचे एक टोक ईसीसी ८३ च्या ॲनोडला तसेच ठेवले, ग्रिडकडचे टोक मोकळे केले, आणि त्या मोकळ्या टोकापासून चॅसिसपर्यंत मीटर डीसी व्होल्टवर लावला. मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगओहम असतो, तेव्हा गळती शून्य असेल तर मीटरही शून्य दाखवील, आणि जितकी गळती तितके व्होल्ट वर चढतील. ग्रिडचे टोक मोकळे असले तरी ४७० किलोओहमचा रेझिस्टर ग्रिडला जोडलेलाच होता, त्यामुळे व्हॉल्व्ह सुरक्षित होता. आकडा चालू केल्यावर चार्ज होण्यापुरता उसळला आणि सावकाश उतरत २ व्होल्टवर स्थिरावला. मग घरातला केस वाळवायचा ड्रायर आणला आणि हातभर अंतरावरून कपॅसिटरवर गरम हवा सोडली. मीटर १०, मग ३०, मग ५५ असा चढत गेला. चौथ्या मिनिटाला ८० व्होल्ट झाले आणि कपॅसिटरच्या टोकाशी मेणाचा एक पिवळट थेंब लोंबू लागला. हिशेबाने ही गळती सुमारे १८ मेगओहमची होते, आणि ग्रिडवर मोजलेल्या ५.६ व्होल्टशी ती बरोबर जुळते. ड्रायर बंद केल्यावर आकडा परत उतरला. ज्या कपॅसिटरला मीटरने बिनदोष सोडले होते, तो असा रंगेहाथ सापडला.

उजवीकडचा जुळा कपॅसिटर त्याच चाचणीत ८० वर नाही, पण ११ व्होल्टवर गेला. त्याची वेळ यायची होती, एवढेच. दोन्ही काढून ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीनचे कपॅसिटर बसवले. ‘जुन्या कागदी कपॅसिटरचा आवाज गोड’ असे मानणारा एक संप्रदाय आहे. सिग्नलच्या वाटेवरच्या इतर भागांबद्दल मी त्यांच्याशी वाद घालणार नाही, पण डीसी अडवणे हेच ज्याचे काम, त्या जागी न गळणारा कपॅसिटर हवा. हे करताना माझ्या हातून आणखी एक घोळ झाला: दोन कपॅसिटरची ग्रिडकडची टोके मी उलटसुलट जोडली. परिणाम असा, की आउटपुटचा जो थोडा सिग्नल आवाज काबूत ठेवण्यासाठी उलटा करून पहिल्या व्हॉल्व्हला परत दिला जातो, तो ऋण फीडबॅक धन झाला, आणि चालू करताच व्हॉल्व्ह तापताक्षणी ॲम्प्लिफायर गिरणीच्या भोंग्यासारखा ओरडला. दोन सेकंदांत स्विच बंद केला, टोके बदलली, तो गप्प झाला. काम सुरू करण्यापूर्वी मोबाइलवर काढलेले फोटो होते. ते पाहायचे मी विसरलो होतो.

खरे तर तक्रारीपुरते प्रकरण इथे संपले होते. ॲम्प्लिफायर तासभर वाजला, लाली आली नाही. पण वहीतल्या आकड्यांत एक गोष्ट खटकत होती. ज्या उजव्या बाजूला मी इतके दिवस निरोगी म्हणून तुलनेसाठी वापरत होतो, तिचा कॅथोड १२.६ व्होल्टवर होता, आणि रेझिस्टर २७४ ओहमचा. म्हणजे एकूण ४६ मिलिअँपिअर, ॲनोडचे ४१, आणि त्याला ३३७ व्होल्टने गुणले तर १३.८ वॅट. निरोगी बाजूही मर्यादेच्या बाहेर चालत होती, फक्त लाल होण्याइतकी नाही. कपलिंग कपॅसिटर बदलल्यावर डावी बाजूही नेमकी तिथेच येऊन थांबली होती. अशा स्थितीत व्हॉल्व्ह लगेच मरत नाही. हळूहळू मरतो, आणि मालक म्हणतो की हल्लीच्या नव्या व्हॉल्व्हमध्ये दम नाही.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर फक्त ० आणि २२० असे दोन टॅप होते, आणि काकांच्या घरात संध्याकाळी २४३ व्होल्ट येत होते. रात्री अकरानंतर २४८. हीटरवर ६.३ च्या जागी ६.९ व्होल्ट मिळत होते. एचटीचे सेकंडरी (वीज बाहेर देणारे वाइंडिंग) २८०-०-२८० चे, तेही त्याच प्रमाणात फुगून ३०९ झालेले. यावर भर म्हणजे ते दोन डायोड. ईझेड ८१ स्वतःमध्येच काही व्होल्ट खातो. सिलिकॉन डायोड जवळजवळ काहीच खात नाही. दोन्ही मिळून एचटी ३६२ वर जाऊन बसला होता.

पण चालू असतानाच्या ३६२ पेक्षा चालू होतानाचे आकडे मला अधिक काळजीचे वाटले. ईझेड ८१ चा कॅथोड हीटरने तापावा लागतो, त्यामुळे तो आणि बाकीचे व्हॉल्व्ह साधारण एकाच वेळी जागे होतात, आणि एचटी चढतो तेव्हा तो खाणारे तयार असतात. डायोड मात्र स्विच दाबताक्षणी वाहू लागतो. पुढची दहा-पंधरा सेकंदे एकही व्हॉल्व्ह प्रवाह घेत नसतो आणि पहिला कपॅसिटर सरळ शिखराच्या व्होल्टेजपर्यंत भरतो: रात्रीच्या २४८ व्होल्टवर सेकंडरीचे ३१६ गुणिले १.४१४, म्हणजे ४४७ व्होल्ट. त्या मेकॅनिकने तिथे बसवलेला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४५० व्होल्टचा होता आणि त्याचे डोके थोडे फुगलेले होते. डायोड १एन४००७, म्हणजे उलट दिशेने १००० व्होल्ट सहन करणारे. मध्य-टॅपच्या या रचनेत त्यांच्यावर शिखराच्या दुप्पट, म्हणजे ८९४ व्होल्ट येत होते. लाइनवर एखादा झटका आला असता तर डायोड शॉर्ट, ट्रान्सफॉर्मर जळालेला, आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार. त्या मेकॅनिकला दोष देण्यात अर्थ नाही. व्हॉल्व्ह मिळत नव्हता, गिऱ्हाईक समोर बसले होते, आणि त्याने ॲम्प्लिफायर चालू करून दिला. मेन्सचे व्होल्टेज तेव्हा किती होते हे कोणाला ठाऊक!

काकांपुढे दोन पर्याय ठेवले. डायोड तसेच ठेवून त्यांच्यापुढे रेझिस्टर आणि उशिरा जोडणारा रिले घालता आला असता. स्वस्त आणि टिकाऊ. किंवा ईझेड ८१ परत बसवायचा, ज्याचा बेस चॅसिसवर रिकामा तसाच होता. ‘बाबांनी होता तसाच असू दे,’ एवढेच ते म्हणाले. मुंबईच्या चोरबाजारात जुने रेडिओ विकणाऱ्या एकाकडे न वापरलेला ईझेड ८१ मिळाला. तो बसवताना पहिला कपॅसिटर १०० वरून ४७ मायक्रोफॅरडवर आणला, कारण या व्हॉल्व्हला पहिल्या जागी ५० च्या वर चालत नाही. मोठा कपॅसिटर भरताना लागणाऱ्या प्रवाहाच्या उसळीने त्याचा कॅथोड उखडतो. डायोड मी फेकून दिले नाहीत. ईझेड ८१ च्या प्रत्येक ॲनोडच्या मार्गात एकेक डायोड सिरीजमध्ये ठेवला, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत कधी शॉर्ट झालाच तर ट्रान्सफॉर्मर वाचेल. मूळचा उभा ॲल्युमिनियमचा कपॅसिटर शोभेसाठी जागेवर ठेवून त्याचे टॅग मोकळे केले आणि नवे भाग चॅसिसच्या खाली लपवले.

मेन्स कमी करण्यासाठी डिमरस्टॅट (व्होल्टेज हवे तसे कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) कायमचा लावणे हास्यास्पद झाले असते. त्याऐवजी कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा १२-०-१२ व्होल्ट, एक अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर घेतला, त्याची प्रायमरी मेन्सवर ठेवली, आणि सेकंडरीचे पूर्ण २४ व्होल्ट ॲम्प्लिफायरच्या वाटेवर सिरीजमध्ये, पण उलट फेजमध्ये जोडले. बेरजेऐवजी वजाबाकी होते आणि २४३ चे २१७ होतात. ॲम्प्लिफायरला पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, त्यामुळे हा ट्रान्सफॉर्मर कोमटही होत नाही. फेज चुकला तर २४३ चे २६८ होतील, म्हणून प्रथम ॲम्प्लिफायर न जोडता, बल्ब लावून मोजले. तो स्वतंत्र डबीत, स्वतःच्या फ्यूजसह, टेबलामागे बसवला आहे.

आता एचटी ३०८ आणि हीटर ६.२ व्होल्ट झाला. जुन्या जोडीवर दोन तासांची चाचणी लावली तेव्हा शेवटचा दोष दिसला. पंचेचाळीस मिनिटांनी उजव्या ग्रिडवर ०.८ व्होल्ट आले, तासाने १.३. कपलिंग कपॅसिटर नवे, तेव्हा पुन्हा व्हॉल्व्हची अदलाबदल केली. आणि या वेळी व्होल्टेज व्हॉल्व्हबरोबर डावीकडे गेले. इतकी वर्षे जास्त तापवलेल्या व्हॉल्व्हमध्ये कॅथोडवरचे द्रव्य उडून ग्रिडच्या तारांवर बसते, आणि मग गरम ग्रिड स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागतो, किंवा आत किंचित वायू साठतो; दोन्हींचा परिणाम ग्रिड धन होण्यातच होतो. दोष तोच दिसला, ५.६ च्या जागी १.३ एवढाच फरक, पण उगम निराळा. हा व्हॉल्व्ह खरोखरच निवृत्त करण्यासारखा होता. नवी जोडी बसवली. तिच्यातला जो व्हॉल्व्ह माझ्या घाईपायी दोनएक मिनिटे लाल झाला होता, त्याचा ग्रिड दोन तासांनंतरही ०.०३ व्होल्टच्या वर गेला नाही.

बाकीची कामे थोडक्यात. ईएफ ८६ चा १०० किलोओहमचा ॲनोड रेझिस्टर १३८ झाला होता आणि ३९० चा स्क्रीन रेझिस्टर ५६०. ते बदलले, तेव्हा सुरुवातीचा तो जाडसर आवाज मोकळा झाला. ईसीसी ८३ मूळचाच, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, तो उत्तम निघाला. कॅथोडचे रेझिस्टर २७० ओहमचे नवे घातले. शेवटच्या नोंदीत दोन्ही कॅथोड ९.९ आणि १०.१ व्होल्टवर आहेत, ॲनोडवर साडेनऊ वॅटच्या आसपास.

एक गोष्ट राहिली आहे. कान स्पीकरला लावला तर अगदी बारीक घूं ऐकू येते. दोन्ही ईएल ८४ आणि ईझेड ८१ काढले तरी ती तशीच राहते, म्हणजे ती सर्किटची नाही. मेन्स ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर शेजारी शेजारी, एकाच दिशेला तोंड करून बसवले आहेत, आणि एकाचे चुंबकीय क्षेत्र दुसऱ्यात उतरते. एक ट्रान्सफॉर्मर काटकोनात फिरवला तर ती जाईल, पण त्यासाठी चॅसिसला नवी भोके पाडावी लागतील. काकांनी खुर्चीत बसून ऐकले, त्यांना काहीच ऐकू आले नाही, आणि भोके पाडायची नाहीत असे ठरले.